कारागृहात धम्मवर्ग कसा सुरू करावा: मराठवाड्यातल्या विहारांसाठी

१४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा जवळ आली की विहाराच्या बैठकीत कुणीतरी सुचवतं, यंदा कारागृहात फळवाटप करू. परवानगी मिळते, केळी-सफरचंदांच्या पेट्या जातात, भाषण होतं, बातमी येते. जुलैमध्ये मात्र तिथं कुणी फिरकत नाही. आतल्या माणसाला फळं नकोशी असतात असं नाही. पण त्याच्या आयुष्यात सगळ्यात मोठी टंचाई असते ती सांगितल्या दिवशी येणाऱ्या माणसाची. वकील तारखेला गैरहजर असतो, जामीनदार "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो, गावाकडून मुलाखतीला येणारे वर्षभरात कमी कमी होत जातात. अशा जागी तुम्ही "दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला येतो" असं सांगितलं आणि खरोखर आलात, सलग सहा महिने आलात, तर तुमच्या तोंडून निघालेल्या धम्माला वजन येतं. हे जमणार नसेल तर काम सुरूच करू नका. सुरू होऊन बंद पडलेला वर्ग आतल्या माणसाला न झालेल्या वर्गापेक्षा जास्त लागतो.

खाली लिहिलेलं सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे: कमी कबूल करा आणि तेवढं पाळा.

आत कोण आहे

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल मध्यवर्ती कारागृह सगळ्यात मोठं. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव इथं जिल्हा कारागृहं आहेत, आणि पैठणला खुलं कारागृह आहे, जिथं चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाधीन बंदी शेतीवर काम करतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांना जिल्हा कारागृह सोयीचं पडतं. आकार लहान असतो आणि अधिकारी-कर्मचारी चार भेटींत ओळखीचे होतात.

देशातल्या तुरुंगांची २०२२ ची अधिकृत आकडेवारी पाहा. एकूण बंदी ५ लाख ७३ हजारांच्या वर, आणि त्यातले ४ लाख ३४ हजारांहून जास्त न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेलाच नाही. जिल्हा कारागृहात तर बहुतेक न्यायाधीनच असतात. म्हणून "तुम्ही केलेल्या पापाचं प्रायश्चित्त", "सुधारण्याची संधी" असली भाषा आत नेऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कोण निर्दोष सुटणार हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते ठरवणं तुमचं कामही नाही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. पारध्यांसारख्या विमुक्त जमातींवर इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून पुसला गेला, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. खुद्द तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जातीवरून काम वाटून देणाऱ्या तरतुदी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. बाबासाहेबांचं नाव घेऊन आत जाणाऱ्याने हा निकाल वाचलेला असावा. वर्गात सतरंजी कोण अंथरतो, झाडू कोण मारतो, पाणी कोण आणतो याकडे लक्ष ठेवा. दरवेळी तेच दोघं असतील तर पुढच्या वेळी सतरंजी तुम्ही स्वतः अंथरा.

माणसं निवडताना

चार ते सहा जण पुरेत. एकट्याने कधीच जायचं नाही आणि दहा जणांचा घोळकाही न्यायचा नाही. त्यात एखादे निवृत्त शिक्षक असावेत, कारण त्यांना वेळ असतो आणि वर्गासमोर बसायची सवय असते. महिला विभागासाठी किमान दोन उपासिका हव्यात. आतल्या भाषणांसाठी नावाजलेला वक्ता लागत नाही. ज्याला ऐकून घेता येतं आणि ऐकलेलं पोटात ठेवता येतं असा माणूस लागतो. वस्तीतल्या कुणाचा खटला कुठवर आलाय याची उत्सुकता असणाऱ्याला, कितीही श्रद्धावान असला तरी, बाहेरच्या कामाला लावा.

ज्याचा नातेवाईक त्याच कारागृहात आहे किंवा ज्याच्या घरचं कुणी त्या खटल्यात फिर्यादी आहे त्याने ते आधीच सांगावं आणि आत जाऊ नये. सगळ्यांची चारित्र्य पडताळणी होणार, तेव्हा जुनं काही असेल तर लपवू नका.

आत जाण्याआधी दोन-तीन महिने विहारातच तयारी करा. एकमेकांसमोर वर्ग घ्या. वर्षावासात हे सहज जमतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन बहुतेक विहारांत चालतंच. त्यात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचं प्रकरण आहे. ते नुसतं पुढे सरकवायचं म्हणून वाचू नका. त्यावर दोन संध्याकाळी थांबा, आणि आपल्यापैकी प्रत्येकाला कुठल्या प्रकारच्या आरोपीसमोर बसणं जड जाईल हे मोकळेपणाने बोला.

अर्ज

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे, विहाराच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या पत्रावर करायचा. नियमित उपक्रम असेल तर तो वरिष्ठ कार्यालयाकडे, विभागीय उपमहानिरीक्षक किंवा पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जाऊ शकतो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. विषय सरळ लिहा: "बंदीजनांसाठी पंधरवड्यातून एकदा आनापान ध्यान व वाचनवर्ग घेण्यास परवानगी मिळणेबाबत." (आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं ध्यान.) खाली चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोण येणार (नावं, छायाचित्रं, ओळखपत्रांच्या प्रती), किती वेळ, काय काय घेणार, आणि काय करणार नाही. हा शेवटचा परिच्छेद फार कमी जण लिहितात, आणि नेमका तोच अधिकाऱ्याचा विश्वास मिळवून देतो. त्यात लिहा की वर्ग सर्व धर्मांच्या बंद्यांना खुला राहील, सहभाग ऐच्छिक असेल, धर्मांतराचा कोणताही कार्यक्रम होणार नाही, छायाचित्रं घेतली जाणार नाहीत, वृत्तपत्रांना माहिती दिली जाणार नाही, आणि कुठलीही वस्तू, निरोप किंवा पैसा आत-बाहेर नेला जाणार नाही.

धर्मांतराबद्दल मी आग्रहाने सांगतो. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आपल्याला प्राणांहून प्रिय आहेत. पण त्या मोकळ्या माणसाने, मोकळ्या मनाने घ्यायच्या असतात. जिथं चांगल्या शेऱ्यासाठी, रजेसाठी, थोड्या वेगळ्या वागणुकीसाठी माणूस कशालाही मान हलवतो तिथं दीक्षा देणं हा त्या प्रतिज्ञांचाच अपमान आहे. बाहेर आल्यावर त्याने स्वतःहून विचारलं तर विहाराचं दार उघडं आहे. आत फक्त वर्ग.

परवानगी तीन महिन्यांची मागा आणि मुदतवाढ मागत राहा. पहिल्याच अर्जात कायमची मागितली तर फाइल अडते.

दारातून आत

मोबाइल, पैसे, चाव्या, काडेपेटी, गुटखा-तंबाखू, पेनड्राइव्ह, सगळं घरी किंवा बाहेर ठेवा. मेणबत्ती-अगरबत्ती आणि मूर्तीबद्दल आधी विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका. बुद्धवंदनेला यातलं काहीच लागत नाही. झडती होईल, ती हसतमुखाने द्या. तुम्ही वैतागलात तर त्या शिपायाला पुढच्या वेळी तुमचा वर्ग म्हणजे डोकेदुखी वाटेल, आणि वर्ग टिकतो तो त्याच्याच जिवावर.

कपड्यांची एक बारीक गोष्ट. शिक्षा झालेल्या पुरुष बंद्यांचा वेश पांढरा असतो. आपण पौर्णिमेला पांढरा सदरा-पायजमा घालून जातो, तो इथं टाळा. बाहेर पडताना डोकी मोजली जातात, गोंधळ नको. शिक्षाधीन महिलांना हिरवी साडी असते, तेव्हा उपासिकांनी हिरवी नेसू नये आणि पांढऱ्या साडीबद्दल आधी विचारून घ्यावं. कुणीच खाकी घालू नये.

वेळ सकाळची मागा. मराठवाड्यातला एप्रिल-मे आणि पत्र्याच्या छपराखाली दुपारी तीनला बसलेली साठ माणसं, यात ध्यान होत नाही. संध्याकाळी लवकर गणती होऊन बराकी बंद होतात. रमजानच्या महिन्यात वर्ग थोडा आटोपशीर ठेवा, कारण रोजा असलेले मुस्लिम भाऊही श्वासाच्या ध्यानाला येतात आणि मन लावून बसतात.

पहिला सव्वा तास

आत गेल्यावर "नमस्कार" म्हणा. कुणी "जय भीम" म्हटलं तर तितक्याच आपुलकीने "जय भीम" म्हणा. सुरुवात मात्र सगळ्यांना आपली वाटेल अशा शब्दाने करायची. खुर्ची दिली तर घेऊ नका, त्याच सतरंजीवर बसा. वयाने मोठ्यांना काका, मामा, मावशी, बाकीच्यांना दादा, ताई. नंबराने किंवा "ए" म्हणून हाक मारायची नाही. नाव विचारा, गाव विचारा. गुन्हा विचारू नका. कलम विचारू नका. तो आपणहून सांगू लागला तर ऐका, पण "मग खरं काय झालं होतं?" हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. त्याच्या शेजारी बसलेला उद्या साक्षीदार असू शकतो.

आधी दहा-बारा मिनिटं आनापान. सूचना अगदी साध्या: पाठ सरळ, नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, लक्ष गेलं की परत आणायचं. डोळे मिटायची सक्ती करू नका. चाळीस अनोळखी माणसांमध्ये डोळे मिटायला ज्याला भीती वाटते त्याच्याकडे तसं वाटायला कारण असतं. "डोळे उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे बघितलं तरी चालेल" असं आधीच सांगा. कुणी अस्वस्थ झालं, रडू लागलं, तर त्याला भिंतीला टेकून बसू द्या, हाताला धरून गप्प करू नका. नशा सुटण्याच्या दिवसांत असलेल्या माणसाला पाच मिनिटंही जड जातात. त्याला चालत श्वास मोजायला सांगा.

मग वीस मिनिटं मोठ्याने वाचन किंवा गोष्ट. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, तेव्हा पुस्तक वाटून "पान बारा उघडा" म्हणण्यात अर्थ नाही. मराठी वाक्य बोलीत सांगा. हिंदी-उर्दू बोलणारे असतील तर महत्त्वाचं तेवढं हिंदीत परत सांगा. त्यानंतर एकच प्रश्न टाकून पंधरा-वीस मिनिटं चर्चा. "राग आल्यावर आणि हात उचलण्याआधी मध्ये काय होतं?" हा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो. बराकीत त्याचं उत्तर रोज तपासता येतं.

शेवटी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. "सब्बे सत्ता सुखी होन्तु" (सगळे जीव सुखी होवोत) म्हणण्याआधी एका ओळखीच्या माणसापासून सुरू करा: घरातलं लेकरू, आजी, ज्याला जे जवळचं. मग शेजारी झोपणारा. मग आज ड्यूटीवर असलेला शिपाई. ज्याने फसवलं किंवा ज्याच्यामुळे आत आलो त्याच्यावर मैत्री करायला पहिल्या महिन्यात सांगू नका. त्याने ती तोंडदेखली केली तर खोटं बोलायचा आणखी एक सराव होतो.

ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी संपवा. उठताना पुढची तारीख सांगा. बस.

काय सांगायचं, काय नाही

अंगुलिमालाची गोष्ट सगळेच सांगतात, आणि बहुतेक जण ती अर्ध्यावर सोडतात. दरोडेखोर बुद्धांच्या मागे धावला, "थांब" म्हणाला, बुद्ध म्हणाले "मी थांबलोच आहे, तू थांब", त्याने शस्त्र टाकलं, भिक्खू झाला. टाळ्या. पण सुत्तात पुढे जे आहे तेच आतल्या माणसाच्या कामाचं आहे. राजा प्रसेनजित पाचशे स्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. तो बुद्धांना भेटतो तेव्हा बुद्ध अंगुलिमालाला लपवत नाहीत, उजवा हात पुढे करून "हाच तो" असं दाखवतात. म्हणजे धम्म हा सत्तेपासून पळायचा आडोसा होत नाही. आणि त्यानंतर? अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांची ढेकळं, काठ्या, दगड त्याला लागतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला सांगतात, सहन कर. ज्यांची माणसं गेली त्यांचा राग एका दिवसात निवत नाही, आणि बदललेल्या माणसालाही तो सोसावा लागतो. सुटून गावात परतणाऱ्याला हे आधीच कळलेलं बरं. शेवटी त्याच्याच तोंडी आलेली गाथा सांगा: जो आधी गाफील राहिला आणि नंतर गाफील राहत नाही, तो ढगांतून सुटलेल्या चंद्रासारखा या जगाला उजळतो.

न्यायाधीनांसमोर ही गोष्ट पहिल्या महिन्यात घेऊ नका. "म्हणजे आम्ही अंगुलिमाल का?" असं त्यांना वाटेल, आणि ते वाटणं रास्त आहे.

"मागच्या जन्मीचे भोग" हे वाक्य तर वर्गात येताच कामा नये. आतले बरेच जण ते मनात घोकतच असतात. बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माचा हा अर्थ ठामपणे नाकारला, कारण त्यातून गरीब माणूस आपल्या गरिबीला आणि दलित आपल्या अपमानाला स्वतःलाच जबाबदार धरतो. आज, या बराकीत, पुढच्या शब्दाआधी काय करता येईल तेवढंच आपल्या हातात आहे, हे सांगा. पंचशील याच अंगाने घ्या, प्रत्येक शीलाला एक वर्ग. सुरामेरयाच्या, म्हणजे नशा न करण्याच्या शीलावर आत जितकं प्रामाणिक बोलणं होतं तितकं बाहेर क्वचितच होतं. अदिन्नादानावर, म्हणजे न दिलेलं न घेण्याच्या शीलावर बोलताना साबण-चप्पल चोरीपासून सुरू करा, रोजचा प्रश्न तोच असतो.

संभाजीनगरच्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी आपण नेहमी बघतो. सातव्या लेण्यात दाराच्या डाव्या भिंतीवर अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. मध्ये बोधिसत्त्व उभा, दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग: आग, तलवार उगारलेला माणूस, फुटणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. त्यातलाच एक प्रसंग बेड्या पडलेल्या माणसाचा. हात जोडून तो हाक मारतोय आणि त्याला सोडवायला कुणीतरी येतंय. आपल्याकडच्या शिल्पकाराने आठ मोठ्या भयांमध्ये बंदिवास धरला. हर्सूलचं कारागृह तिथून काही किलोमीटरवर आहे. वर्गाआधी टीमने एकदा त्या भिंतीसमोर जाऊन बसावं. आत त्या शिल्पाचं शब्दांत वर्णन केलं की शहरातली पोरं लगेच ओळखतात, "हां, लेणीवर गेलोय ना शाळेतून."

विपश्यना शिबिर हवं असेल तर

वर्गात आनापानापर्यंतच थांबा. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती त्या परंपरेच्या प्रशिक्षित आचार्यांनीच घ्यायची. भारतातल्या तुरुंगातलं पहिलं शिबिर १९७५ मध्ये जयपूरला झालं. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह यांनी ते घडवून आणलं. काही बंदी बेड्यांसह आणले गेले तेव्हा बेड्या काढल्याशिवाय शिकवणार नाही असं विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजींनी सांगितलं, आणि त्या काढल्या गेल्या. एप्रिल १९९४ मध्ये तिहारला हजाराहून जास्त बंद्यांचं शिबिर झालं. आपल्याकडे संभाजीनगरला धम्म अजंठा केंद्र आहे. वर्ग वर्षभर नीट चालला आणि अधीक्षकांची तयारी असली तर विचारणा तिथून सुरू करा. आधी काही अधिकारी-कर्मचाऱ्यांनी स्वतः शिबिर करणं फार मोलाचं ठरतं. विपश्यना की ग्रंथवाचन हा आपल्या चळवळीतला वाद विहारातच ठेवा.

कायद्याची वाट दाखवा, चालू नका

वर्ग संपता संपता कुणीतरी हळूच कागद पुढे करणारच. "सर, एवढं बघा." कागद घेऊ नका, मत देऊ नका, जामिनाबद्दल एक शब्द बोलू नका. पण हात झटकूही नका. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील हेच काम करतात. घरच्यांसाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तुमचं काम इतकंच: प्राधिकरणाच्या सचिवांना भेटून तुमच्या वर्गाची माहिती द्या, आणि ज्याला वकील नाही त्याला आतल्या विधी सहाय्य केंद्राकडे अर्ज करायला सांगा.

तीन गोष्टी टीमला तोंडपाठ हव्यात, कारण आतल्यांना त्या माहीत नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीही गुन्हा सिद्ध न झालेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल आणि बाकीच्यांनी निम्मा, तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. दुसरं, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. तिसरं, जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरता न येणाऱ्या गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे. दोन-पाच हजारांसाठी आणि सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही म्हणून महिनोन्महिने आत राहणारी माणसं आपल्याच वस्त्यांतली आहेत.

दाराबाहेरचं काम

आत जायची परवानगी मिळेपर्यंत काय करायचं? मुलाखतीच्या दिवशी कारागृहाच्या दारासमोर जाऊन उभे राहा. पहाटेची एसटी धरून आलेली आजी, कडेवर पोर, हातात गाठोडं, आणि ओळखपत्र घरी राहिलेलं. तिला परत पाठवतात. पुढच्या वेळी येण्यासाठी पुन्हा रोजगार बुडवायचा आणि पुन्हा भाडं उसनं घ्यायचं. तुमच्यापैकी दोघं जण सावलीत पाण्याचा माठ ठेवून बसले, काय कागद लागतात ते सांगितलं, अर्ज भरून दिला, ई-मुलाखतीची (व्हिडिओवरून भेटीची) नोंदणी कशी करायची ते घरातल्या शिकलेल्या पोराला फोनवर दाखवलं, तरी खूप होतं. बीड, धाराशिवकडचे ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कारखान्यांवर जातात, तेव्हा चार-पाच महिने त्या घरातलं कुणीच मुलाखतीला येऊ शकत नाही. अशा घरांना ई-मुलाखत म्हणजे मोठाच आधार.

बाप आत गेला की पोराची शाळा सुटते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा, आणि त्या घराचं नाव वस्तीत न गाजवता करा. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. महिला विभागात जाणाऱ्या उपासिकांनी परवानगी घेऊन चित्रांची पुस्तकं, खडू न्यावेत. बायकांच्या वर्गात वाचन कमी आणि बोलणं जास्त होतं. होऊ द्या. मुलाखतीला कुणीच येत नाही असं सांगणाऱ्या तिथं जास्त भेटतील.

पुस्तकं न्यायची तर कारागृहाच्या ग्रंथालयात रीतसर नोंदवून द्या, साध्या बांधणीची, मोठ्या अक्षरांची. पत्रव्यवहार करायचा झाला तर विहाराच्या पत्त्यावर, घरच्या नाही. पत्रं तपासली जातात हे धरूनच लिहा.

समोर अत्याचाराचा आरोपी बसला असेल तर

हा प्रश्न मराठवाड्यात टाळता येत नाही. आपल्याच माणसांवर हात उचलल्याच्या आरोपात, अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात आत असलेला कुणी तुमच्या वर्गात येऊन श्वास मोजत बसेल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातल्या जखमा ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे सोपं जाणार नाही, जावं अशी अपेक्षाही नाही. ज्याला त्या दिवशी शक्य नाही त्याने बाहेर बसावं, टीमने त्याला एका शब्दाने बोलू नये.

पण वर्ग त्याच्यासाठीही आहे. मैत्री त्याच्यासाठीही आहे. आणि त्या मैत्रीचा खटल्याशी काडीचा संबंध नाही. "फिर्यादीला समजावून सांगा", "मिटवून घ्या म्हणा" असा निरोप कुणीही, कितीही रडून दिला तरी न्यायचा नाही. तडजोडीचा निरोप नेणारा उपासक पीडिताच्या दारात आरोपीचा माणूस म्हणूनच उभा असतो. हा नियम मोडणाऱ्याला त्याच दिवशी टीममधून कमी करा. दुसऱ्या बाजूने, पीडित कुटुंबाला विहाराची साथ असेल तर ती पूर्वीसारखीच चालू राहिली पाहिजे, कोर्टात सोबत जाण्यापासून दळण आणून देण्यापर्यंत. शक्य तर दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे द्या.

प्रत्येक भेटीनंतर टीमने अर्धा तास एकत्र बसावं, विहारात किंवा चहाच्या टपरीवर नव्हे तर कुणाच्या तरी घरी. ऐकलेलं तिथंच रिकामं करायचं. वहीत तारीख, हजेरीची संख्या आणि पुढच्या वेळचा विषय लिहायचा. नावं आणि गोष्टी लिहायच्या नाहीत. मोबाइलच्या स्टेटसवर तर काहीच नाही.

सुटकेचा दिवस

सुटका बऱ्याचदा संध्याकाळी होते, कागद पोचायला उशीर होतो म्हणून. शेवटची एसटी गेलेली असते. खिशात पैसे नसतात. जुनी संगत दाराशी गाडी घेऊन उभी असते. त्या एका रात्रीची सोय विहार करू शकला तर फार मोठं काम झालं: जेवण, झोपायला जागा, सकाळचं तिकीट. त्याने आधी संमती दिली असेल तरच, आणि अधीक्षकांना माहीत असेल तरच.

गावी परतल्यावर त्याला विहारात बोलवा, पण माइक हातात देऊ नका. "मी कसा बदललो" हे सांगायला लावणं म्हणजे त्याची जन्मठेप लांबवणं. वर्षावासाच्या वाचनात इतरांसारखा बसू द्या, खीरदानाला इतरांसारखी पातेली घासू द्या. तो पुन्हा आत गेला, तसं होतंही, तर टीममध्ये कुणी "सांगितलं होतं" म्हणायचं नाही. वर्गात त्याची जागा असते.

मग कागदांच्या मागे लागा, कारण तिथंच माणूस खरा अडतो. बरीच वर्षं आत काढलेल्याचं आधार जुन्या पत्त्यावर असतं, मोबाइल क्रमांक बंद झालेला असतो, बँक खातं निष्क्रिय झालेलं असतं, रेशनकार्डावरून नाव गेलेलं असतं. या क्रमाने घ्या: आधी मोबाइल क्रमांक, मग आधारला तो जोडणं, मग बँक, मग तहसीलमध्ये रेशनकार्ड. टीममधल्या एकाने त्याच्यासोबत दोन-तीन दिवस रांगेत उभं राहायचं. कामासाठी शब्द टाकताना मालकापासून काही लपवू नका, नंतर कळलं तर काम जातं आणि पुढच्या माणसाचं दारही बंद होतं. गवंडीकाम, हमाली, रसवंती, शेतातली सालदारी, जे मिळेल त्याची पहिली मजुरी हातात पडेपर्यंत आठवड्यातून एकदा फोन करत राहा, आणि फोन करायचा वारही ठरवून सांगा.